काउन्सेलरचं प्रोफाइल वाचून काहीच कळत नाहीये, ‘अप्रोच’ म्हणजे नक्की काय बघायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

मी मूळची सांगलीची, ७ वर्षं झाली पिंपरी चिंचवडला आहे नोकरीसाठी, वय ३१. मागच्या भाद्रपदात बाबा गेले. रात्री पावणेदोनला दादाचा फोन आला होता आणि तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या छातीत इतकं धडधडायला लागतं की वाटतं आता आपलंच काहीतरी होणार, हात गार पडतात, श्वास पुरत नाही. गेल्या २ महिन्यात तर दिवसासुद्धा व्हायला लागलंय, ऑफिसमधे दुसऱ्या कोणाचा फोन वाजला तरी. ईसीजी काढला, थायरॉइड बघितलं, सगळं नॉर्मल. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं की आता काउन्सेलरकडे जाऊन ये.

तर मी ३ जणांची प्रोफाइल काढलीयेत. एका ताईंचं एमए आणि समुपदेशनाचा डिप्लोमा, खाली लिहिलंय सीबीटी, आरईबीटी, माइंडफुलनेस. दुसऱ्यांचं एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी, आरसीआय नंबर दिलाय आणि अप्रोच ‘इक्लेक्टिक’. तिसऱ्या आहेत त्यांनी लाइफ कोच आणि हीलर असं लिहिलंय, ३ सेशनमधे भीती मुळासकट जाईल म्हणतात, आणि खरं सांगते त्यांचंच पान सगळ्यात छान वाटलं वाचायला.

आईला सांगितलं तर ती म्हणाली घरातलं बाहेर कशाला सांगायचं, तुझ्या मावशीशी बोल की. मावशीशी बोलतेच मी पण ती रडायला लागते आणि मग मीच तिला समजावत बसते.

कोणी गेलंय का? हे सगळे शब्द म्हणजे काय आणि त्यातलं माझ्यासाठी काय बघायचं?

---

निवांत_दुपार

कृष्णाकाठची, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी स्वतः नाशिकला समुपदेशक म्हणून काम करते, १४ वर्षं झाली, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी तिसऱ्या प्रोफाइलबद्दल. ३ सेशनमधे मुळासकट जाईल असं लिहिणाऱ्याकडे जाऊ नकोस. तुला भेटायच्या आधी, तुझं ऐकायच्या आधी कोणी सेशनचा आकडा आणि गॅरंटी देत असेल तर त्यांनी तुझ्या त्रासाचा विचारच केलेला नाही. लाइफ कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कुठलंही शिक्षण सक्तीचं नाही.

आता डिग्री. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते, तो १९९२ चा कायदा आहे. सध्या प्रॅक्टिस करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्यासाठी एमएनंतर २ वर्षांचं एमफिल केलेलं असतं, आणि ती २ वर्षं नुसती पुस्तकांची नसतात, हॉस्पिटलमधे पेशंट बघायचे, हिस्टरी घ्यायची, टेस्ट करायच्या, वरिष्ठांसमोर केस मांडायची आणि बोलणी खायची. नंबर दिलाय तर आरसीआयच्या साइटवर नाव तपासता येतं, तपास, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. काउन्सेलरसाठी मात्र इतकी वर्षं अशी एक सक्तीची नोंदणी नव्हती. आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या कायद्यात समुपदेशकांनाही घेतलंय पण त्याची घडी अजून बसतेय. म्हणून एमए आणि डिप्लोमावाल्या ताई वाईट असं अजिबात नाही, मी स्वतः त्याच वाटेनं आलेय. फक्त त्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, की शिकताना प्रत्यक्ष काम कुठे केलंत आणि आता सुपरविजन घेता का. सुपरविजन म्हणजे आपण आपल्या केसेस, क्लायंटचं नाव न सांगता, आपल्याहून अनुभवी माणसासमोर मांडायच्या आणि कुठे चुकतंय ते ऐकून घ्यायचं. मी आजही महिन्यातून दोनदा जाते.

आणि हो, गोळ्या काउन्सेलर देत नाहीत, त्यासाठी सायकिअ‍ॅट्रिस्ट असतात, ते एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी किंवा डिप्लोमा केलेले डॉक्टर असतात. चांगला काउन्सेलर गरज वाटली तर स्वतःहून त्यांच्याकडे पाठवतो.

आता अप्रोच. सोप्पं करून सांगते. सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, विचार, भावना आणि वागणं यांची साखळी धरून काम करायचं. फिलाडेल्फियाचे अ‍ॅरन बेक, ते मनोविश्लेषण शिकलेले डॉक्टर होते, १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की नैराश्यातल्या माणसाच्या डोक्यात स्वतःबद्दलची काही वाक्यं आपोआप फिरत असतात आणि माणूस ती तपासतच नाही. तुझ्या बाबतीत बघ, फोन वाजतो, धडधडतं, इथपर्यंत शरीराचं काम आहे. मग मन म्हणतं ‘मला काहीतरी होतंय’, त्या विचारानं भीती वाढते, भीतीनं धडधड वाढते, धडधड वाढली की विचार आणखी पक्का होतो. हे चक्र झालं. सीबीटीवाला थेरपिस्ट हे चक्र कागदावर तुझ्याकडूनच काढून घेईल आणि मग हळूहळू ज्याला तू टाळतेस त्याच्या जवळ नेईल. कदाचित मुद्दाम जिने चढायला लावेल, का तर धडधड झाली म्हणजे संकट आलं असं नसतं हे डोक्याला नुसतं पटून चालत नाही, शरीरालाही कळावं लागतं.

माइंडफुलनेस म्हणजे आत्ता मनात आणि शरीरात जे चाललंय त्याकडे न जोखता लक्ष द्यायचं. दुसरी बाजू कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, व्यक्तिकेंद्री म्हणतात त्याला. तिथे थेरपिस्ट शिकवत नाही, तुझ्यासोबत बसतो, तू जे म्हणतेस ते नीट ऐकून तुला परत दाखवतो, जोखत नाही. ऐकायला हे काहीच नाही असं वाटतं पण तुझं मावशीचं वाक्य वाचलं ना, तीच तर गोष्ट आहे. ‘मीच तिला समजावत बसते’. तुला रडायला जागाच मिळालेली नाहीये गं. बाबा गेल्याचं दुःख हा आजार नाही, ते सीबीटीनं काढून टाकायचं नसतं. पॅनिक, म्हणजे ही अचानक उसळणारी भीती, वेगळं आणि दुःख वेगळं, तुझ्यात दोन्ही गुंतलंय.

म्हणून इक्लेक्टिक या शब्दाला घाबरू नकोस. त्याचा अर्थ ‘माणूस बघून पद्धत वापरते’. फक्त काही जण काहीच धड न शिकता तो शब्द लावतात, म्हणून विचार, ‘माझ्यासारख्या त्रासात तुम्ही काय काय वापराल आणि का?’ ज्याला येतं तो २ मिनिटात साध्या मराठीत सांगतो.

---

खातेवही

ताईंनी वरती सगळं छान सांगितलंच आहे, मी क्लायंटच्या बाजूने लिहितो. वय ४८, डोंबिवली, अकाउंट्समधे आहे.

मला आरईबीटीचा फायदा झाला. अल्बर्ट एलिस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५५ ला हे सुरू केलं, म्हणजे बेकच्याही आधी. मराठीत याला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात आणि आपल्याकडे हे घराघरात पोचलं ते कि. मो. फडके सरांमुळे, ते एलिसशी पत्रव्यवहार करून शिकले आणि मग मराठीत लिहित आणि शिकवत राहिले. ठाण्याला मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० ला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढली तिथेही ही विचारपद्धत खूप वापरतात. सांगायचा मुद्दा असा की हे परदेशी काहीतरी आहे आणि आपल्या भाषेत जमणार नाही असं वाटून घेऊ नका, मराठीत या विषयाचे शब्द तयार आहेत.

माझा त्रास वेगळा होता. ऑडिट जवळ आलं की झोप उडायची, १५ दिवस आधीपासून पोट बिघडायचं, बायकोवर चिडचिड, पोरगी माझ्या खोलीत यायची बंद झाली होती. आमच्या काउन्सेलर मॅडमनी दुसऱ्या सेशनला मला एक दोनशे पानी वही आणायला लावली आणि पानाचे ३ भाग करायला सांगितले. पहिल्यात काय घडलं, तिसऱ्यात मला काय झालं, आणि मधला रिकामा ठेवायला लावला. मी लिहिलं, साहेबांनी बोलावलं, आणि तिसऱ्यात लिहिलं, घाम फुटला. मॅडम म्हणाल्या मधे काय आहे? मी म्हटलं मधे काही नाही, साहेबांनी बोलावलं म्हणून घाम फुटला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं त्या मधल्या रिकाम्या रकान्यावर पेन ठेवून बसल्या. खूप वेळाने मी लिहिलं, ‘माझी चूक निघताच कामा नये’. मग म्हणाल्या हे ‘च’ अधोरेखित करा.

तो ‘च’ मी २४ वर्षं घेऊन फिरत होतो. निघू नये असं वाटणं बरोबरच आहे, कोणालाही वाटेल, पण निघताच कामा नये म्हटलं की संपलं. एलिसचं म्हणणं हेच, घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मधल्या हट्टामुळे होतो. एपिक्टेटस नावाच्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं हेच म्हणणं होतं आणि ते एलिस स्वतः सांगायचे.

होमवर्क फार असतो हे मात्र आधी सांगतो. मला लोक काय म्हणतील याची भीती होती तर मला दिलेलं काम असं की फडके रोडला कपड्याच्या दुकानात जायचं, ४ शर्ट काढायला लावायचे आणि शांतपणे ‘मला नकोत, महाग आहेत’ म्हणून बाहेर यायचं. दुकानाच्या पायरीवर १० मिनिटं उभा होतो, पाय उचलेना. केलं शेवटी. दुकानदार म्हणाला बरं, आणि शर्टांच्या घड्या घालायला लागला. बस. एवढंच झालं. घरी येऊन वहीत लिहिताना माझा हात थरथरत होता पण तो आनंदाने.

नंतर वाचलं की एलिसनी स्वतः १९ वर्षांचे असताना असंच केलं होतं, मुलींशी बोलायची भीती म्हणून बागेत रोज जाऊन एकूण शंभरेक अनोळखी मुलींशी बोलले. मला ते वाचून फार बरं वाटलं की ज्याने पद्धत काढली तोही यातून गेलाय.

कृष्णाकाठची, तुला पहिल्या ताई आरईबीटी करतात तर त्या बऱ्या असू शकतील, पण खरं सांगू का, माझा भाऊ गेला होता तेव्हा मी वही उघडली नाही. तेव्हा फक्त कोणीतरी जवळ बसायला हवं होतं. निवांत_दुपार ताईंचं ते दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं वाक्य लक्षात ठेव.

---

अबोली७

मी थोडं कटू लिहिणारे पण लिहायलाच हवं.

मी कॉलेजला असताना एका बाईंकडे जायचे, नाव गाव सांगत नाही. डिग्र्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या. चौथ्या वेळेला मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी मी आयुष्यात कोणाला सांगितली नव्हती. दोन दिवसांनी आईने जेवताना विचारलं, हे खरं आहे का. त्यांनी आईला फोन करून सांगितलं होतं, ‘तिच्या भल्यासाठी’. मी १९ वर्षांची होते, सज्ञान होते. ताटात आमटी भात होता, मी ते ताट तसंच ठेवून उठले आणि त्यानंतर ६ वर्षं कोणाकडे गेले नाही. सहा वर्षं. त्रास तर होताच, वाढतच गेला.

त्यामुळे माझा सल्ला, अप्रोच वगैरे नंतर, पहिल्या भेटीत पहिल्यांदा विचार की मी सांगितलेलं कुठे जातं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. अपवाद असतात, जिवाला धोका असेल, कोर्टाने मागितलं, लहान मुलावर लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो कायद्याखाली कळवावंच लागतं. चांगली थेरपिस्ट हे अपवाद तू न विचारता पहिल्याच दिवशी सांगते, आणि बरेचदा लेखी देऊन सही घेते.

आता ज्यांच्याकडे जाते त्यांनी हेच केलं. त्यांच्या खोलीत दोन खुर्च्या अशा तिरक्या मांडलेल्या आहेत की समोरासमोर डोळ्यात बघायची सक्ती होत नाही, खिडकीबाहेर बुचाचं झाड दिसतं. पहिले ३ महिने मी जवळपास झाडाकडे बघूनच बोलले. त्यांनी एकदाही ‘माझ्याकडे बघ’ म्हटलं नाही. मला वाटायचं या काही करत का नाहीत, टेक्निक का नाही देत, पैसे घेतात आणि गप्प बसतात. मग एक दिवस मी ते त्यांना तोंडावर म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘आज पहिल्यांदा तुम्ही मला रागावलात, मला बरं वाटलं.’ आणि मला रडू फुटलं कारण मी त्याआधी कोणालाच रागावले नव्हते, त्या पहिल्या बाईंनाही नाही.

एवढंच सांगायचंय की पटलं नाही तर बदल. आणि पटलं नाही हे त्यांना सांगून बघ, ते ऐकून त्या कशा वागतात त्यावरून बरंच कळतं.

---

कृष्णाकाठची

अबोली, तुझं वाचून बराच वेळ काही सुचलंच नाही. लिहिलंस त्याबद्दल खूप धन्यवाद.

खातेवही दादा, ‘च’ वाचून मी माझ्या बोलण्यातले च मोजायला लागलेय.

अजून दोन शंका. त्यांचं स्वतःचं आयुष्य, म्हणजे लग्न झालंय का, त्यांचं कोणी गेलंय का, असं विचारलेलं चालतं का? आणि फीचं काय, दुसऱ्या मॅडमची फी एका तासाला १५०० आहे, दर आठवड्याला मला झेपणार नाही.

---

निवांत_दुपार

विचारलेलं चालतं. काही जण थोडं सांगतील, काही जण ‘हे विचारावंसं का वाटलं’ असं उलट विचारतील, ते टाळणं नसतं, तुला बहुतेक हे जाणून घ्यायचं असतं की ‘माझं दुःख यांना कळेल का’, आणि त्या प्रश्नावर बोलणं जास्त कामाचं. माझे वडील गेले तेव्हा मी ३ आठवडे काम बंद ठेवलं होतं, क्लायंटना फक्त एवढंच कळवलं की घरात मृत्यू झालाय. त्यापुढचं मी सांगत बसले असते तर त्यांच्या वेळेत त्यांनी मला सांभाळलं असतं. तुझं आणि मावशीचं होतं तसं.

अबोली, तुझ्या पहिल्या अनुभवाबद्दल आमच्या पेशाच्या वतीने मी माफी मागते. कोणीतरी मागायला हवी होती.

फीबद्दल सरळ बोल. बरेच जण काही जागा कमी फीच्या ठेवतात, १५ दिवसांनी एकदा असंही ठरवता येतं.

---

रानवाट

फीवरून आठवलं म्हणून लिहितोय, मी चंद्रपूरकडचा, आमच्याकडे तर पर्यायच कमी. टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झाली, फुकट आहे, रात्रीपण लागते आणि मराठीत बोलता येतं. माझ्या मेहुण्यानं रात्री ३ ला लावला होता सोयाबीनचं पीक गेल्यावर, ४० मिनिटं बोलला, सकाळी स्वतःहून म्हणाला सिव्हिलला जाऊ. सिव्हिलला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर असतात, केसपेपर काढायचा फक्त. तिथं गर्दी असते, तासभर कोणी देणार नाही हे मान्य, पण गोळ्या मिळतात आणि माणूस नोंदीत येतो. ताई तुम्ही काउन्सेलर तर कराच पण रात्री लय झालं तर हा नंबर जवळ असू द्या.

---

कृष्णाकाठची

अपडेट देते, ११ दिवसांनी.

दुसऱ्या मॅडमकडे गेले. आरसीआयला नाव तपासलं, सापडलं. गेल्या गेल्या त्यांनी एक कागद दिला, त्यात अबोली तू म्हणालीस ते सगळं अपवादासकट लिहिलेलं, मी सही केली. फीचं विचारताना जीभ अडखळली पण विचारलं, दर १५ दिवसांनी यायचं ठरलं आणि मधे एक छोटा फोन.

मी विचारलं, ‘तुम्ही काय काय वापराल आणि का?’ त्या म्हणाल्या, फोनच्या भीतीवर सीबीटी, ते काम मी तुम्हाला शिकवून करेन. बाबांच्या बाबतीत मी काही शिकवणार नाही, तिथे तुम्ही बोला. मग म्हणाल्या, बाबा फोन करायचे तेव्हा पहिलं काय म्हणायचे?

मी इतके महिने फक्त तो रात्रीचा फोन आठवत होते. बाबांचा फोन रोज संध्याकाळी ८ ला यायचा आणि पहिलं वाक्य ठरलेलं, ‘जेवलीस का, का अजून डबाच धुते आहेस?’ हे सांगताना मला हसू आणि रडू एकदमच आलं, नाक पुसायला रुमाल सापडेना, त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि गप्प राहिल्या. राहिलेला सगळा वेळ मी बाबांबद्दलच बोलले. मावशी नव्हती समजावायला.

होमवर्क दिलाय. मी मागच्या वर्षीपासून फोन सायलेंटवरच ठेवते, हे मी इथेही लिहिलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी १० मिनिटं आवाज चालू ठेवायचा, दादाने त्या वेळात कधीतरी फोन करायचा, मी तिसऱ्या रिंगनंतर उचलायचा, आणि धडधड १० पैकी किती ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी ९ लिहिलं. काल ७.

आईला दादानेच सांगितलं. ती काही बोलली नाही, पण आज दुपारी तिचा मेसेज आलाय, ‘आज फोन मी करू का ८ ला’. हो म्हटलंय. पावणेआठ झालेत, आवाज चालू केलाय.